तोंड आलं होतं

गेल्या दिवाळीनंतर चार दिवस माहेरी गेले होते. आर्वी तालुक्यातलं गाव, बुधवारचा बाजार. भाजीच्या पालांपासून जरा दूर, शाळेच्या भिंतीला लागून गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला उभा असतो. माझा भाचा पिशव्या धरायला सोबत आला होता. सव्वीस वर्षांचा, उंचापुरा, कापसाचं गाठोडं एका झटक्यात खांद्यावर घेणारा. म्हटलं, चल, गुपचुप खाऊ. लहान होता तेव्हा माझा पदर ओढत मला याच ठेल्यापाशी आणायचा आणि एका दमात दहा-बारा पुऱ्या संपवायचा. ठेलेवाल्याने द्रोणात पहिली पुरी ठेवली. त्याने ती उचलली, तोंडापाशी नेली आणि तिथेच थांबला. मान थोडी भिंतीकडे वळवली, पुरी परत द्रोणात ठेवली, अंगठ्याने दाबून फोडली, पाणी निथळू दिलं आणि भिजलेले तुकडे एकेक करून ओठांच्या फटीतून आत सरकवले. लहान बाळाला आपण वरण-भात भरवतो ना, तसं. फरक एवढाच की भरवणारा आणि खाणारा एकच होता.

"काऊन रे, अख्खी नाही घालत?"

"तोंड आलं हाय आत्या. दोन-चार दिवस झाले." एवढं बोलून त्याने द्रोण खाली ठेवला. दुसरी पुरी घेतली नाही.

रात्री अंगणातल्या खाटेवर पडले, पण झोप येईना. तोंड आलेला माणूस तिखट पाण्याला नाही म्हणेल, हे समजतं. पण तोंड आलं म्हणून पुरी फोडावी कशाला लागते? फोड आले तर झोंबतं, जबडा का अडेल? मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेला सगळे पंगतीत बसलो होतो तेव्हा त्याने ठेचा नको म्हटलं होतं. हिरव्या मिरचीचा, वहिनीने पाट्यावर वाटलेला ठेचा, जो तो भाकरीवर गोळा ठेवून खायचा. आम्ही कौतुकच केलं होतं, पोरगा सुधारला म्हणून. मागच्या वर्षी मुलगी पाहायला गेलो, तिथे पोहे समोर आले आणि हा चमच्याच्या टोकाने दाणे टिपल्यासारखं खात बसला. मुलीची आई म्हणाली, लाजाळू आहे वाटते. आम्हीही हसून होकार दिला. आणि शिटी? वावरात शिटी मारून कुत्र्याला बोलावायचा तो. ती शिटी कधीपासून ऐकू आली नाही, ते मला काही आठवेना. घरातल्या माणसाचं काहीतरी थांबतं आणि ते कधी थांबलं याचा दिवससुद्धा आपल्याजवळ नसतो, ही गोष्ट मला अजून टोचते.

आपली भाषासुद्धा यात फसवते, असं त्या रात्री वाटलं. आपण म्हणतो, तोंड आलं. डोळे आले. बैलाचा खांदा आला. 'आलं' म्हटलं की मनात कुठेतरी आपोआप धरलेलं असतं की आलं तसं जाईल. पाहुण्यासारखं. दोन दिवस तूप लावू, जिरं चघळू, गावातल्या डॉक्टरकडून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणू, निघून जाईल. आणि बहुतेक वेळा जातंही. म्हणून ज्या वेळी जात नाही, त्या वेळी ते आपल्या लक्षात येत नाही. नेहमी 'आत्ताच आलेलं' असतं, दोन-चार दिवसांपूर्वी. भाच्याचं तोंड चार वर्षांपासून 'दोन-चार दिवस झाले' आलेलं होतं.

आता भाच्याच्या खर्ऱ्याविषयी. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे नाव कदाचित ओळखीचं नसेल, पण आमच्याकडे पानठेल्यावर सकाळी सहाला जो पहिला आवाज होतो तो खर्रा घोटण्याचा. लाकडी पाटीवर प्लॅस्टिकची पन्नी पसरतात, तिच्यावर बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि बोटभर चुना. पन्नी दुमडून तळहाताच्या टाचेने घासायला लागतात. आधी कोरडा खरखर आवाज, मग चुना सुपारीत मुरतो तसा तो ओलसर, जड होत जातो. पन्नी गरम होते. सुपारीचा रंग विटकरी व्हायला लागला की वास सुटतो, उग्र, गोडसर, पहिल्या पावसाच्या मातीत कुणी चुना मिसळावा तसा. मग पन्नीचं तोंड पिळून रबर लावायचं. चिमूट काढायची, गालफडात ठेवायची आणि दिवसभर तिथेच धरायची. भाच्याच्या शर्टाचा खिसा नेहमी थोडा फुगलेला असायचा. वहिनी धुणं धुताना ती पुडी काढून चुलीवरच्या फळीवर ठेवायची, फेकायची नाही. फेकून काय होणार, तो दुसरी आणणारच, असं तिचं म्हणणं.

मी त्याला व्यसनी म्हणायला तयार नाही. त्याला खर्रा कुणी दिला ते मला माहीत आहे. दहावीनंतर वावरात कामाला लागला, सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत मजुरांबरोबर ओळीने बसला, आणि बाजूच्या माणसाने आपल्या पन्नीतून चिमूटभर पुढे केलं. आमच्याकडे कुणी खर्रा पुढे केला तर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हाताला नाही म्हणणं. जात, पैसा, वय, सगळं त्या एका पन्नीत थोडा वेळ विरघळतं. भूक मरते, ऊन जाणवत नाही, गप्पांना बसायला कारण मिळतं. बांधावर भांडण मिटलं तरी खर्रा आणि जमलं तरी खर्रा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, त्या बंदीत पुड्या दिसेनाशा झाल्या किंवा महाग झाल्या, पण खर्ऱ्याला कारखाना लागत नाही. पाटी, पन्नी आणि एक तळहात पुरतो. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' नावाने गावोगाव दारू-तंबाखूविरोधी काम चाललं आहे. तिथे बायका पुढे होऊन पानठेल्यांवर खर्रा बंद करायला लावतात हे वाचलं तेव्हा मला वहिनीची ती चुलीवरची फळी आठवली.

सकाळी मी त्याला म्हटलं, तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखव. त्याने दोन घातली. दुसरं बोट जाताना डोळ्यांच्या कडा ओढल्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात पहाटेच्या एसटीने आम्ही नागपूरला दंत रुग्णालयात गेलो. बाकावर आमच्या आधी चौदा जण बसले होते. त्यात एक बाई, दोन म्हातारे, बाकी सगळी त्याच्याच वयाची पोरं. कुणी यवतमाळचा, कुणी भंडाऱ्याचा, एक अगदी मिसरूडही न फुटलेला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता बसलेले. आत गेल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टी लावली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत 22 मिलिमीटर. निरोगी माणसाचं 35 ते 45 असतं, तीन बोटांएवढं. त्यांनी आरशाने गाल ओढून धरला आणि मला जवळ बोलावलं. आपल्या गालाची आतली बाजू कशी ओली, गुलाबी, मऊ असते. त्याची पांढरट होती, संगमरवरासारखी, मध्येच फिक्या रेघा. बाईंनी हातमोजा घातलेलं बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाल्या, इथे दोऱ्या लागतात बघा, ताणलेल्या. मलाही मोजा देऊन बोट लावू दिलं. बाजेची नवार कसून ताणल्यावर बोटाला जशी लागते तशी ती गालाच्या आत लागली. माझ्या भावाच्या लेकराच्या गालात.

आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. 1952 साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हे पाहून त्याची पहिली नोंद केली. बायका भारत सोडून समुद्रापलीकडे गेल्या होत्या, पण सुपारी त्यांच्याबरोबर गेली होती. बाईंनी सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगते. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आतल्या तंतू विणणाऱ्या पेशींना सतत चिथावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं. ते ज्या विकराला (एन्झाइमला) बळ देतं, तो विकर विणलेल्या तंतूंना एकमेकांत घट्ट गाठी मारतो. मग शरीराला ते तंतू मोडून नवे घालता येत नाहीत. चुना वरची कातडी सोलतो, सुपारीचे कण ओरखडतात, तंबाखू आपलं काम करत राहतो, आणि रोज त्याच जागेवर सूज, दाह, दुरुस्ती. एवढंच असतं तर माणूस आखडलेल्या तोंडाने जगला असता. पण या आजाराला डॉक्टर कॅन्सरपूर्व स्थिती म्हणतात. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात असे 66 रुग्ण 17 वर्षांपर्यंत तपासत राहिले, तेव्हा त्यातल्या 7.6 टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे पाच जण. दादाला फोनवर मी हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "सहासष्टातले पाच म्हणजे कमीच ना गं." मला बाकावरचे ते चौदा जण दिसत होते. मी त्यांतून एक निवडायला लागले आणि लगेच मन बाजूला ओढलं.

सुपारी साधी, तंबाखू नसलेली असली तर चालते, असा आपल्याकडे मोठा समज. पूजेत सुपारी, लग्नात सुपारी, जेवणानंतर सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. माझी आजी जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरायची, तो 'कट' आवाज मला अजून आवडतो. त्या आवाजावर माझं प्रेम कायम आहे आणि त्या सुपारीची भीतीही आता माझ्या मनात आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, जी मी घरी बरेच दिवस सांगितली नव्हती. भाच्याच्या डाव्या गालात, जिथे खर्रा धरायचा तिथे, एक खडबडीत पांढरा डाग होता. त्याचा तुकडा तपासणीसाठी काढायचं ठरलं. तो आत असताना मी बाईंना सहज म्हटलं की मलाही तीन-चार वर्षांपासून गरम चहा गालाला झोंबतो. पित्त आहे माझं, गुलकंद खाते. त्यांनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं नाही, तंबाखूला हात लावला नाही. माझ्या दोन्ही गालांत आतून पांढऱ्या रेघांची जाळी निघाली. क्रोशाच्या रुमालासारखी नाजूक जाळी, बाईंनी मोबाइलवर फोटो काढून दाखवली. कडेला लालसर भाग. ओरल लायकेन प्लॅनस. शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या तोंडातल्या ओल्या, श्लेष्मल त्वचेला परकं समजून तिच्यावर धावून जातात, का ते नक्की सांगता येत नाही, बायकांत आणि मध्यमवयात जास्त. यातही वर्षानुवर्षांत शंभरात साधारण एखाद्याला कॅन्सर होतो, म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. बाई सगळं शांतपणे बोलत होत्या. मी मात्र सकाळपासून एसटीत भाच्याला जे जे बोलले होते ते एकेक आठवत होते. 'स्वतःच्या हाताने करून घेतलंस' हे मी दोनदा म्हटलं होतं. तो खिडकीबाहेर पाहत गप्प बसला होता.

परतताना मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "मंग आपण दोघंही सहा महिन्यांनी येऊ." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

आपल्याकडे माणसाच्या आजाराची गोष्ट शेवटी बैलापाशी पोचतेच. आमच्याकडे एक पांढरा बैल होता, मी सातवीत असताना. आबांचा जीव होता त्याच्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी व्हायची. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकायचे, आणि आबा त्याच्या कानात म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. जुवाखाली घासून घासून खांद्याची कातडी जाड झालेली असायची, त्या जागेवर त्यांचा हात जरा जास्त वेळ थांबायचा. मग शिंगं साळायची, पातळ चकाकतील अशी, आणि त्यांना रंग द्यायचा. एका वर्षी पोळा झाला आणि तो बैल मान एका बाजूला टाकून उभा राहायला लागला. खुंट्यावर शिंग घासायचा, डोकं झाडायचा. मग एका नाकपुडीतून पातळ रक्त. डॉक्टर आले, त्यांनी शिंगाला हात लावला तर ते हललं. शिंगाचा कॅन्सर आहे म्हणाले. शिंग बुडापासून कापावं लागलं. मी लपून पाहिलं. आतून फुलकोबीसारखं काहीतरी भरलेलं होतं आणि एक वास, जो मला आजही नको असतो. डॉक्टर आबांना सांगत होते की शिंग बाहेरून दगडासारखं असलं तरी आत नाकाच्या पोकळीसारखी ओली, नाजूक त्वचा असते, आणि हा रोग त्या त्वचेतून उठतो. शिंगाला कासरा आवळणं, साळणं, रंग, ऊन, या सततच्या त्रासाचा संशय घेतात. आबा काही बोलले नाहीत. पुढच्या पोळ्याला त्यांनी दुसऱ्या बैलाची शिंगं साळली नाहीत, नुसतं तेल लावलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, राहू दे, तसाच चांगला दिसतो.

त्या ओल्या, नाजूक त्वचेचं मला आता फार वाटतं. आपल्या शरीरात जिथे जिथे बाहेरचं जग आत येतं, तोंड, नाक, घसा, पोट, आतडी, तिथे तीच अंथरलेली असते. बाहेरच्या कातडीसारखं तिला जाड व्हायची मुभा नाही, मऊ राहूनच सगळं सोसायचं. दवाखान्यातून आल्यावर मी रात्री वाचायला लागले, आणि एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गावी भेटावीत तसं झालं. 1863 साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांना कॅन्सरच्या गाठींमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. कॅन्सर बहुधा जुनाट दाहाच्या जागी उगवतो, असा अंदाज त्यांनी मांडला. पोटात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचं तसंच. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन आपल्या पोटाला सूज आणून दाखवली, 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. ज्यांच्या जठरात तो वर्षानुवर्षं दाह ठेवतो त्यांच्यातल्या काहींना पुढे जठराचा कॅन्सर होतो. आपण 'पित्त' म्हणून किती वर्षं सोडा पितो, याचा हिशेब मी मनात करून पाहिला. आमच्या शेजारच्या घरातली सून बारा वर्षांपासून आव-रक्ताने हैराण आहे. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या आतल्या आवरणाचा दाह. ती बरी वाटली की गोळ्या बंद करते. तिला मी आता जाऊन सांगितलं की हा आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की आतड्याची दुर्बिणीने तपासणी ठरावीक अंतराने करायची असते, कारण जितकी वर्षं आणि जितका जास्त भाग सुजलेला, तितकी जोखीम चढत जाते. आणि गोळ्यांनी दाह शांत ठेवला तर ती उतरतेही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बारा वर्षांत ही गोष्ट तिच्यापर्यंत कुणी आणली नव्हती हे मला कळलं.

सूज आणि कॅन्सर यांचा संबंध मला समजला तो वावरातूनच. मृग बरसतो, आपण पेरतो, मग पाऊस दडी मारतो आणि उगवलेलं करपतं. दुबार पेरणी. तेही गेलं तर तिबार. पहिल्या पेरणीला शेतकरी बियाणं निवडून, निगुतीने टाकतो. तिसऱ्या वेळी कृषी केंद्रात जे मिळेल ते, उधारीवर, घाईने. त्यात काय भेसळ आलं ते दिवाळीला कळतं. गालाची त्वचा रोज जळते, रोज मरते, शरीर रोज पुन्हा पेरतं. प्रत्येक पेरणीत पेशीला आपली सगळी लिपी उतरवून काढावी लागते, आणि सुजेच्या जागी जमलेल्या रक्षक पेशी जी तिखट रसायनं सोडतात ती त्या लिपीवरच पडतात. एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं किंवा ती पेशी मारून टाकतं. वर्षानुवर्षं, रोज, त्याच बोटभर जागेत पेरत राहिलं तर एखादी चुकीची पेशी रुजते. आणि आसपास सुजेमुळे रक्त भरपूर, खतपाणी तयार. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने 1986 मध्ये कॅन्सरच्या गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. मी ते वाचलं तेव्हा आबांचा तो हात आठवला, बैलाच्या खांद्यावर थांबलेला.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मी माहेरीच राहिले, शाळेत रजा टाकली. कापूस वेचणीचे दिवस. घरभर कापसाचे ढीग, खोलीत पांढरा उजेड, नाकात धूळ. वहिनी कामात बुडालेली, पण मध्येच हात थांबायचा. भाचा पहिले तीन दिवस चिडचिडा होता. खिशात हात जायचा आणि रिकामा परत यायचा. मी बडीशेप आणि भाजलेली जवस डबीत भरून दिली, त्याने ती गुरांसमोर ठेवली, मग रागाचं वाईट वाटून परत उचलली. चौथ्या रात्री तो माझ्या खाटेपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, मले माहीत होतं. पुऱ्या फोडून खायला लागलो तेव्हाच माहीत होतं. पण तोंड आलं म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही." यावर मी काय बोलायचं होतं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हाताखाली हुंदका देत होता की खोकत होता, अंधारात दिसलं नाही.

रिपोर्ट आला. पेशींत सुरुवातीचा, सौम्य बदल. कॅन्सर नाही. डाग काढून टाकायचा, खर्रा कायमचा बंद, गालात इंजेक्शनं, तोंड उघडायचा व्यायाम, दर तीन महिन्यांनी तपासणी. बाईंनी स्पष्ट सांगितलं की आखडलेल्या दोऱ्या पुऱ्या सुटणार नाहीत, पण पुढे आखडणं थांबवता येईल, आणि डाग वेळेत दिसला हे फार झालं. दादाने गावच्या मारुतीला नारळ फोडला. संध्याकाळी अंगणात सगळे मोकळे हसत होते, वहिनीने कितीतरी दिवसांनी आलूवांग्याची भाजी केली, भाच्यासाठी बिनतिखटाची वेगळी काढली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दादा पानठेल्यावरून अकरा खर्रे घेऊन आला.

वेचणीच्या मजुरांसाठी. मी दारातच उभी राहिले. दादा, अरे काल नारळ फोडला आपण. तो खाली पाहत म्हणाला, "खर्रा नाही दिला तर एकही बाई वावरात येत नाही. तिकडचा पाटील दोन-दोन देऊन राहिला. कापूस बोंडात राहीन." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातातली पिशवी मी हिसकावून घेतली नाही, आजही मला वाटतं की घ्यायला हवी होती, आणि आजही मला माहीत आहे की घेतली असती तर त्या दिवशी वेचणी झाली नसती. त्या अकरा बायांतल्या एकीचा गाल मी दुपारी पाहिला. ती जेवताना भाकरीचा तुकडा पाण्यात कालवत होती. मी जवळ बसले, विचारलं, काऊन वो, भाकर कडक झाली का? म्हणाली, "नाही बाई, तोंड आलं हाय."

मी तिला तीन बोटं उभी करायला सांगितली. मग तिच्या बाजूच्या बाईला. मग सगळ्याच करायला लागल्या, हसत, एकमेकींना दाखवत, कापसाच्या गाठोड्यांवर बसून. अकरांपैकी चौघींची तीन बोटं गेली नाहीत. हसणं हळूहळू थांबलं. चौघींची नावं मी वहीत लिहून घेतली आणि दादाला सांगितलं की पुढच्या सोमवारी त्यांना नागपूरला न्यायची गाडी त्याने करायची, रोजी बुडाली तर तीही त्यानेच द्यायची. तो हो म्हणाला. गाडी केली, तीन जणी आल्या.

भाच्याचा व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचलेल्या काड्या दातांत धरायच्या, दहा मिनिटं तसंच राहायचं, आठवड्याने एक वाढवायची. सुरुवात अकरा काड्यांपासून झाली. दर रविवारी फोनवर आकडा सांगतो. इंजेक्शनं घेतल्यापासून चौदावर आला, मग महिनाभर तिथेच अडकला. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्याच्या शर्टातून मला एकदा तो उग्र गोडसर वास आल्यासारखा वाटला. विचारलं नाही. रात्री तोच मोबाइलचा टॉर्च घेऊन आला. आधी मी त्याचा गाल पाहिला, डाग काढलेली जागा गुलाबी होती, बाकी तसंच पांढरट. मग त्याने मला पायरीवर बसवलं, माझी हनुवटी धरली आणि म्हणाला, "आता तुझं तोंड उघड." बराच वेळ आत पाहत राहिला, दोन्ही बाजूंना, बाई पाहतात तसं.

"जाळी तेवढीच हाय," तो म्हणाला. मग खिशात हात घातला, काड्यांचा जुडगा काढला, रबर सोडलं आणि पंधरावी काडी मधोमध घुसवता येते का ते पाहायला लागला.